टॉर्कमामा आणि पालखीची पट्टी

कुठलीही वस्तू मामा आधी हातात घेऊन जोखायचा, मग तिच्याविषयी मत द्यायचा, आणि ते मत हमखास चुकीचं असायचं. मोटरसुद्धा तो गावठी कोंबड्यासारखी उचलून बघे. ‘वजन हाय म्हंजे टॉर्क हाय,’ हा त्याचा सिद्धान्त. टॉर्क म्हणजे फिरवण्याची ताकद, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यापुढचं ऐकायची तयारी नव्हती. आम्ही भाचेमंडळी त्याला पाठीमागे टॉर्कमामा म्हणायचो.

बिरवाडीच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. म्हणजे दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या मशीनवर हात ठेवून ‘आता झाली बघ’ म्हणायचा. निवृत्त होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला आपल्या वाडीत परतला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून गोठ्यात संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं सीएनसी मशीन उभारू लागला. म्हैस पडवीत आली. मामीने तिचा खुंटा तिथेच ठोकला. बोलून उपयोग नसतो हे तिला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं.

एवढ्यावर भागतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण देवळाजवळचा फणस वादळात पडला आणि त्याच्या दोनच धड फळ्या निघाल्या. शिमग्याच्या पालखीची दर्शनी पट्टी किडली होती. गावकीच्या बैठकीत मामा उठला, ‘सुतार कशाला? माझी मशीन देवाची पट्टी कोरंल.’ आणि गावकीने त्याच्यावर विश्वास टाकला!

मी एमआयडीसीत असल्याच मशीनवर काम करतो. सांगून सांगून थकलो. स्टेपर मोटर ठरावीक पावलांनी फिरते. एक पाऊल हुकलं तरी घरगुती मशीनला ते कळत नाही आणि पुढची सगळी नक्षी सरकते. ‘मामा, अरे मोठी मोटर जागेवर घट्ट उभी राहते, पण कमी व्होल्टवर पळवलीस की तिचा दम जातो. लहान मोटर घे आणि तिला वीज देणारा ड्रायव्हर जास्त व्होल्टचा घे.’

मामाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘तुमी डिप्लोमावाले बारक्या मोटरींचेच रे. ही हातानं फिरव बघू. फिरते? नाय ना? मंग!’ बंद मोटर हाताने फिरत नाही, यावरून ती चालू झाल्यावर कशी पळेल हे ठरवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

व्हायचं तेच झालं. पहिल्या फळीवर कोरलेली वेल मधोमध बोटभर डावीकडे सरकली. ‘लाइट कमी-जास्त झाली,’ मामा म्हणाला आणि भुसा डिंकात कालवून चुकलेल्या खाचा बुजवायला बसला. गावकीतल्या म्हाताऱ्यांनी फळी पाहिली आणि एवढंच विचारलं, ‘देवापुढं ह्ये ठेवायचं?’ त्या शिमग्याला किडकीच पट्टी मिरवली. पाठ धरल्याचं सांगून मामाने पालखीला खांदाही दिला नाही.

उरलेली फळी महाडच्या सुताराला द्यायचं ठरलं. तेव्हा जन्मात कुणापुढे न वाकलेला मामा गावकीसमोर हात जोडून आणखी एक संधी मागत उभा राहिला आणि फळी त्यालाच मिळाली, असं मामीने मला सांगितलं. ऐकून वाईट वाटलं. ते फार टिकलं नाही, कारण गणपतीत गेलो तर मशीनवर लहान मोटरी आणि जास्त व्होल्टचे ड्रायव्हर! मी तोंड उघडायच्या आत मामा सुरू झाला, ‘मोटर बारकी नि व्होल्टेज मोठं. लोकांना कळत नाय. तुला सांगत होतो ना मी?’ वाडीभर त्याने हेच सांगून ठेवलं होतं. भाच्याला त्यातलं काही समजत नाही, हेही.

पट्टी मात्र देखणी झाली. एक पान सरकलेलं नव्हतं. मी चरफडत कौतुक केलं आणि मामाने ते हक्काने घेतलं.

पौषात साध्या तापाचं निमित्त होऊन मामा गेला. शिमग्याला नवी पट्टी लावलेली पालखी त्याच्या अंगणात नाचली. मामीने ओटी भरली. मुंबईहून आलेला एक चाकरमानी पट्टीवरून हात फिरवत म्हणाला, ‘काय फिनिशिंग हाय! मशीनचं सेटिंग कुणी सांगितलं रे?’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी बढाई मारायला मामा हवा होता. तो नाही, हे मला तेव्हा खरं लागलं.

‘मामानं,’ मी म्हणालो. ‘मोटर बारकी नि व्होल्टेज मोठं. मला किती वेळा सांगितलं त्यानं. मीच ऐकत नव्हतो.’