डाव्या हातावरचा पट्टा

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून फिदीफिदी हसणाऱ्यांपैकी मी एक. चाकणच्या कंपनीत उभा जन्म क्वालिटीत गेला. पार्ट नापास झाला तर त्याला कारण असतंच, हे अंगात मुरलेलं. तरीही हे लिहितोय... कारण सांगायला घरात कुणी नाही.

पिंपळे गुरवला वन बीएचके. बायको, सुनंदा, दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा बंगळूरला. मागच्या हिवाळ्यात माझ्या छातीतल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा आल्याचं कळलं. जांघेतून कापडी नळी सरकवून तिथे बसवली — स्टेंट ग्राफ्ट. घरी सोडताना बजावलं, प्रेशर रोज बघा, वाढू देऊ नका. आणखीही बरंच सांगितलं असेल, पण माझं ध्यान कुठे होतं!

प्रेशरचं मशीन घरात होतंच. पूर्वी पट्टा सुनंदा बांधायची. आता एकट्यानं बांधायचा म्हणजे उजव्या हातानं डाव्यावर, दुसरा उपाय काय? आकडे झकास यायचे. मुलाला फोनवर सांगायचो, "तुझा बाप एकदम ओके!" डावा हात तेवढा गार पडायचा. म्हटलं, वय झालं.

मग एका संध्याकाळी पट्टा फुगता फुगता सुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आकडा यायच्या आत सुटायचा. नवीन मशीन आणलं, तेही तसंच. मेडिकलवाल्याशी भांडायला गेलो, तर त्यानं स्वतःच्या दंडावर बांधून दाखवलं. पक्कं बसलं.

"काका, घरी कुणाला तरी बांधायला सांगा ना."

माझं भांडण तिथंच संपलं. मशीन उचलून घरी आलो.

सांगायला लाज वाटते, पण ते सुटणं ओळखीचं होतं. झटक्यानं नाही, टोकापासून हळूहळू... चर्र... चर्र. थर्ड शिफ्ट करून आलो की मी वेल्क्रोच्या पट्ट्याचं घड्याळ हातात तसंच ठेवून झोपायचो. सुनंदा ते डाव्या मनगटावरून असंच काढायची, मला जाग येऊ नये म्हणून.

कंपनीत आमची रीत — दोष सापडत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मशीन बदललं, सेल बदलले, खुर्ची बदलली. उरला हात. टोक दातात धरून, शिव्या घालत पट्टा उजव्या दंडावर बांधला. सुटला नाही. आकडा मात्र डाव्या हातापेक्षा कितीतरी जास्त आला. रिक्षा करून तसाच हॉस्पिटलला गेलो.

स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "डाव्या हाताकडे जाणाऱ्या वाटेचं तोंड नळीनं झाकलंय. तिथलं प्रेशर कमीच दिसणार. खरं उजव्या हाताचं. आणि इथं बघा, नळीच्या कडेनं रक्त झिरपतंय. वेळेत आलात. कसं काय लक्षात आलं?"

"पट्टा सुटत होता," मी म्हणालो. ते हसले.

पुन्हा टेबलावर घेतलं, गळती बंद झाली. पट्टा का सुटायचा याचं कारण क्वालिटीच्या या माणसाला आजतागायत सापडलेलं नाही.

आता रोज संध्याकाळी उजव्या हातावर मोजतो. मुलाला खरा आकडा कळवतो. मग पट्टा डाव्या हातावर बांधतो आणि बटण दाबून वाट बघत बसतो.

सुटत नाही हो.