निवटीच्या नावाची गोष्ट

मेहुण्याच्या मुलीच्या बारशासाठी आम्ही साताऱ्याहून एसटीने निघालो आणि संध्याकाळी वाशीला उतरलो. तिथून रिक्षाने सानपाड्याला. इमारती नव्या कोऱ्या, रस्ते रुंद, झाडं मात्र कमरेएवढी. आत्या म्हणून बाळाचं नाव ठेवायचा मान माझ्या बायकोचा, सुमनचा.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. सकाळी फिरायला खाडीवर गेलो, तर एक मासा चक्क पाण्याबाहेर चिखलावर चालत होता! अंगावर निळे ठिपके. असा मासा माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्याला धरायला पुढे झालो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. मासा मिळाला, चप्पल गेली.

वहिनींच्या लोणच्याच्या बरणीत तो ठेवून मी जाहीर केलं, "नवी जात आहे. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं, दुसऱ्याचं चालतं. मी सुमनचं देणार. लॅटिनमध्ये सुमनाए."

"शेवटी 'ए' कशाला?" सुमन म्हणाली. "कुणी हाक मारल्यासारखं वाटतं."

पण दुपारपर्यंत तिने अख्ख्या सोसायटीला सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन वाशीच्या एका कॉलेजात निघालो. वाटेत हिराबाई नावाची कोळीण टोपली घेऊन बसली होती. तिने बरणीत डोकावलं.

"निवटी हाय ती, मास्तर. बरनीत कशाला घातलीस? कालवन कर. बग, डोले कशे भायेर आलेत तिचे!"

तिला शास्त्र काय कळणार, असं म्हणत मी पुढे गेलो.

कॉलेजातल्या प्राध्यापकांनी जाडजूड ग्रंथ उघडला. या माशाला नाव मिळून शंभराहून अधिक वर्षं झाली होती. नावाचा पहिला भाग ग्रीक. अर्थ, डोळे बाहेर आलेला. दुसरा भाग एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या नावावरून.

परतताना बरणी खाडीत रिकामी केली. हिराबाईकडे बघायचं टाळलं. घरी सुमनला कोपऱ्यात घेऊन खरं ते सांगितलं. ती घुगऱ्यांचे हरभरे निवडायला निघून गेली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बारशाला सोसायटीतल्या बायका जमल्या. पाळणा म्हणून झाला, सुमनने बाळाच्या कानात 'मृणाल' म्हटलं, घुगऱ्या वाटल्या. मग एका काकूंनी विचारलंच, "अहो, तुमच्या नावाचा मासा कुठाय?"

मी हातातल्या घुगऱ्या मोजू लागलो.

"यांनी दिलं होतं हो नाव," सुमन शांतपणे म्हणाली. "मीच नको म्हटलं. चिखलात लोळतो मेला!"

बायका खळखळून हसल्या. मीही हसलो, जरा उशिराच.

परतीच्या एसटीत खंडाळ्याचा घाट लागला, तेव्हा ती म्हणाली, "त्या व्यापाऱ्याने मासा स्वतः पकडला होता का हो?"

"कुणास ठाऊक."

"तुम्ही पकडलात," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

माशाचं नाव ठेवायला निघालेल्या माझं नाव त्या दिवशी बायकोने राखलं. शाळेत मुलांना निवटी शिकवतो, तेव्हा ग्रीक नाव सांगतो, हिराबाईचंही सांगतो. हा भाग मात्र सांगत नाही.