साहेबांच्या घरातली जर्मन पेटी

ड्रॉवर उघडला की पितळेचा तो आंबटसर वास अजून येतो आणि बाबांच्या बारीक कानशीबरोबर दोह्यातल्या द पर्ल वस्तीतली ती संध्याकाळही वर येते. बाबा जन्मभर हार्मोनियमच्या पेट्या बनवत आले, दुरुस्त करत आले. ते दोह्याला आमच्याकडे आले होते तेव्हा माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी सगळ्यांना तिथल्या त्यांच्या घरी चहाला बोलावलं. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीशी एक जुनी जर्मन पायपेटी निव्वळ शोभेला ठेवलेली होती. तिच्यावरची पाटी पाहताच बाबा गुडघ्यांवर बसले. "याच घराण्याचे सूर, आतल्या पितळी पट्ट्या, आम्ही वापरायचो. त्यांच्याकडे चार पिढ्या बाप-लेक एका बाकावर बसले, मग एका मुलाने नाही म्हटलं आणि कारखान्याला कुलूप लागलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि मुकी झालेली एक पितळी पट्टी काढून, ओठांशी धरून त्यांनी फुंकली. पांढऱ्या गालिच्यावर धूळ उडाली, पण सूर बोलला. "अंकल, ये सब कैसे आता है आपको?" साहेबांनी कौतुकाने विचारलं. बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच हसून म्हणालो, "हॉबी है उनकी, सर." बाबांनी पट्टी जागेवर बसवली, झाकण लावलं, हात रुमालाला पुसले. आता ते नाहीत. काल मुलीच्या मैत्रिणीने ती कानस उचलून हे काय म्हणून विचारलं. "नथिंग, आजोबाज हॉबी," मुलगी म्हणाली. त्या संध्याकाळी ती माझ्याच मांडीवर बसली होती.