फेटा उंचीत धरत नाही

बादली पुन्हा जमिनीवर ठेवली गेली आणि मी शिट्टी वाजवली.

"आता काय झालं?" मी विचारले.

"काय न्हाई, मास्तर," गेनू माळी म्हणाला. "ह्यांनी ठिवली, आमी उचलली. पानी फुडं चाललंच हाय की."

पाणी पुढे चालले होते हे खरे. परंतु ज्या वेगाने ते चालले होते, त्या वेगाने आग विझत नाही. फार तर आग आपली आपण विझल्यावर राख भिजवता येते.

हा प्रसंग दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, नगर शहरातला. मी तेव्हा म्युनिसिपल शाळेत ड्रिल-मास्तर होतो. नगर हे लष्करी ठाणे असल्यामुळे शहरात ए.आर.पी. स्थापन झाली होती. ए.आर.पी. म्हणजे विमानहल्ला झाल्यास नागरिकांचे रक्षण करणारी व्यवस्था. मला शिट्टी वाजवता येते आणि माणसे रांगेत उभी करता येतात, एवढ्या पात्रतेवर एका भागाच्या फायर पार्टीचा इन्स्ट्रक्टर म्हणून माझी नेमणूक झाली. नगरवर बॉम्ब कधी पडला नाही. मात्र आग लागायला बॉम्बच पाहिजे असे नाही. एक चिलीम पुरते.

माझ्या भागाची रचना वाचकांनी लक्षात घ्यावी, कारण सारी अडचण तिच्यातच होती. एका टोकाला हौद मोहल्ला. तिथे जुन्या काळचा दगडी हौद होता. खापरी नळाने त्यात पाणी येई आणि भर उन्हाळ्यातही तो आटत नसे. मोहल्ल्यात बहुतेक मुसलमान टांगेवाले राहत. दुसऱ्या टोकाला फणी गल्ली. तिथे तेलुगू बोलणारे विणकर. घरात सूत, ओट्यावर सूत आणि छपरावर उसाचे पाचट. विहीर मात्र नाही. मधल्या पट्ट्यात माळ्यांची घरे आणि मिशनच्या शाळेत शिकलेल्या ख्रिस्ती सुतारांची चाळ. आग लागली तर ती फणी गल्लीत लागणार आणि पाणी हौद मोहल्ल्यातून येणार, हे कोणालाही दिसत होते. विणकरांचा पुढारी नरसय्या मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मास्तर, आमच्या गल्लीत एक ठिणगी पडली की सगळे संपले. तुमचा बॉम्ब कशाला पाहिजे?"

पाणी पोचवण्याचा उपाय म्हणजे बकेट चेन, अर्थात बादल्यांची साखळी. माणसे हौदापासून आगीपर्यंत उभी राहतात. कोणी चालत नाही. चालते ती बादली. एका हाताने घ्यायची, दुसऱ्या हाताने द्यायची. बादली पाऊण भरायची, कारण काठोकाठ भरलेली बादली वाटेतच अर्धी होते. रिकाम्या बादल्या दुसऱ्या ओळीने परत येतात. इतके हे सोपे आहे. माझ्या तिसरीच्या वर्गाने एका तासात शिकून घेतले असते.

मोठी माणसे ते शिकली नाहीत. मी "रांग करा" म्हटले की टांगेवाले टांगेवाल्यांजवळ उभे राहत, माळी माळ्यांजवळ, सुतार सुतारांजवळ आणि विणकर विणकरांजवळ. आपापल्या माणसांत बादली झरझर जाई. जिथे एक जमात संपे आणि दुसरी सुरू होई, तिथे ती जमिनीवर ठेवली जाई. पुढचा मनुष्य क्षणभर थांबून, जणू ती जमिनीतून उगवली आहे अशा मुद्रेने उचलून घेई. जमिनीवर टेकलेल्या वस्तूला मागच्याचा हात लागलेला धरत नाहीत, असा त्यामागचा हिशेब.

मी प्रत्येकाला कारण विचारले. रोगाचे निदान केल्यावाचून औषध देऊ नये.

गेनू म्हणाला, "मास्तर, आमच्यात चाल न्हाई. त्यांच्या हातचं पानी आमच्या आज्यानं घेतलं न्हाई."

"पाणी प्यायचं नाही, गेनबा. आगीवर ओतायचं आहे."

"व्हय, पर हात तर आमचाच हाय न्हवं?"

रहिमान पहिलवान टांगेवाला होता आणि तालमीत मुलांना कुस्ती शिकवी. तो तापला होता. "ऐकलंत? हौद आमचा, उपसणार आम्ही, आणि ह्याला आमचा हात चालत नाही! मी बादली हातात देतो. घ्यायची तर घे. खाली ठेवायला मी काय कोंबड्यांना दाणे टाकतोय?" त्याच दमात तो पुढे म्हणाला, "आणि ते तेलंगी! धागे ओढून ओढून बोटं सुतासारखी झालीत त्यांची. माझ्या पायावर बादली पाडतील."

नरसय्याच्या गळ्यात जानवे होते. तो शांतपणे म्हणाला, "टांगेवाल्याच्या हाताला घोड्याचा वास येतो. पाजणीच्या दिवशी आम्ही असला हात सुताला लावू देत नाही." पाजणी म्हणजे मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देणे. हे काम विणकर गल्लीतच सूत ताणून करीत.

"आज पाजणी आहे का?"

"नाही. पण सवय आहे."

राहिला शांतवन सुतार. त्याच्याबद्दल मला आशा होती. तो म्हणाला, "मास्तर, आम्ही भेद मानत नाही. देवाची सगळी लेकरं सारखी." आणि पुढची बादली घेण्यापूर्वी त्याने खिशातून फडके काढून तिची कडी पुसली.

"हे काय, शांतवन?"

"हे हायजीन आहे, मास्तर. भेदभाव नव्हे."

"आमी ठिवतो ती घान, अन् ह्यो पुसतो ती हायजीन!" गेनू म्हणाला. त्या दिवसात प्रथमच सर्व जमाती एकत्र हसल्या. शांतवनने मात्र फडके घडी करून जपून ठेवले.

आमचे चीफ वॉर्डन हे निवृत्त मामलेदार होते. त्यांना सारे रावसाहेब म्हणत. त्यांनी छत्री टेकून हा प्रकार पाहिला आणि मला बाजूला बोलावले.

"मास्तर, शनिवारी इन्स्पेक्शनला साहेब येणार. त्यांच्यासमोर हे बादली-पूजन नको. जमातवार चार पार्ट्या करून टाका. ज्याची आग त्याने विझवावी. भांडण नाही, तंटा नाही."

"पण फणी गल्लीला पाणी नाही, रावसाहेब. त्यांची पार्टी विझवणार कशाने?"

"त्यांनी आपली व्यवस्था करावी."

"खडकात विहीर खणायची, की शनिवारपर्यंत पाऊस मागवायचा?"

रावसाहेबांना हा प्रश्न आवडला नाही. "शनिवारी साखळी चालली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून चार पार्ट्या. हा माझा शेवटचा शब्द."

नरसय्या जवळच उभा होता. त्याने ऐकले. मान वर करून आपल्या गल्लीच्या पाचटाच्या छपरांकडे पाहिले.

त्या रात्री मी उपदेशाचे भाषण तयार केले आणि सकाळी ते टाकून दिले. शिक्षकाच्या धंद्यात एक गोष्ट अनुभवाने कळते. मुले भाषणाने सरळ उभी राहत नाहीत. खुणेच्या रेघेवर सरळ उभी राहतात. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत आम्ही मुलांना उंचीप्रमाणे उभे करीत असू. बकेट चेनलाही तोच नियम लागू पडतो, आणि तो मी सोयीसाठी शोधलेला नव्हे. शेजारच्या दोघांचे हात एका पातळीवर असले तर पाणी सांडत नाही. हौदाचा कठडा उंच, म्हणून उंच माणसे तिकडे. मग उतरत्या क्रमाने बाकीची.

संध्याकाळी मी हौदाच्या भिंतीवर खडूने आडव्या रेघा मारल्या. "एकेकाने भिंतीला पाठ लावा."

उंचीवर आक्षेप घेण्यासारखे कोणालाच काही सापडेना. कोणत्याही शास्त्रात उंचीबद्दल काही सांगितलेले नाही. तेव्हा मंडळींनी दुसरा मार्ग धरला. आपल्याच माणसाशेजारी जागा मिळावी म्हणून, आपला चुलता ज्या रेघेला टेकला त्या रेघेपर्यंत पोचण्याचा प्रत्येक जण प्रयत्न करू लागला. नरसय्याने धोतरात गुडघे वाकवले. एका टांगेवाल्याने मान खांद्यांत ओढून घेतली. शांतवन जाड टाचांचे बूट घालून आला. गेनू तर भलामोठा फेटा बांधून आला, वर टाचाही उचलल्या.

"गेनबा, फेटा काढा."

"मास्तर, फेटा म्हंजी मानूस. फेट्याबिगर मी कुटं जात न्हाई."

"फेटा उंचीत धरत नाही."

"मग ह्याचं बूट?"

"बूटही धरत नाहीत. शांतवन, बूट काढा."

"अनवाणी? हायजीनच्या दृष्टीनं—"

"काढ की रं!" गेनू फेटा सोडत ओरडला. "माजं डोस्कं उगडं पडलंय, अन् तुला पायाची लाज!"

सर्व सोंगे उतरल्यावर रांग लागली. हौदाकडच्या टोकाला रहिमान आणि नरसय्या शेजारी आले. दोघांच्या रेघांत जेमतेम बोटाचे अंतर होते आणि ते बोट कोणाचे, यावर लगेच वाद सुरू झाला. खालच्या टोकाला गेनू आणि शांतवन शेजारी. मध्ये माळ्यालगत विणकर, विणकरालगत टांगेवाला, असे पत्ते पिसावेत तसे झाले.

मी शिट्टी वाजवली. अपेक्षेप्रमाणे बादली जमिनीवर गेली. फरक एवढाच की पूर्वी सबंध साखळीत सांधे तीन होते. आता जितकी माणसे तितके सांधे. प्रत्येकाने प्रत्येक बादलीला वाकून उचलायचे आणि वाकून ठेवायचे. मी शिट्टी वाजवीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी लोक कंबरेवर हात ठेवून ड्रिलला आले. रहिमान म्हणाला, "मास्तर, तालमीत हजार बैठका मारतो, पण कमर अशी गेली नव्हती." नरसय्या मागाच्या खड्ड्यात बसून काम करणारा, त्याची पाठ आधीच कामातून गेलेली. तरी चाल पाळली गेली. वाकणे, ठेवणे, विव्हळणे, उचलणे.

शेवटी गेनू फुटला. शांतवन कडी पुसण्यासाठी फडके शोधत होता आणि गेनू बादली घेऊन अर्धा वाकला होता. तो तसाच थांबला. "शांत्या, धर गड्या हातात. आज्जा सरगात हाय, त्याला कंबर न्हाई. मला हाय."

शांतवनने बादली घेतली. दुसरी इतक्या लगोलग आली की फडके खिशातच राहिले. वरच्या टोकाला रहिमानने नरसय्यासमोर बादली धरली आणि विचारले, "काय अण्णा? खाली ठेवू?"

"आज पाजणी नाही," नरसय्या म्हणाला आणि ती हातात घेतली. बादली मोठी होती. पडली नाही. रहिमानने आपल्या पायांकडे एकदा पाहून घेतले.

शनिवारी साहेब आले. मैदानात गवताची गंजी पेटवून ती विझवून दाखवायची, असा कार्यक्रम होता. गंजी पेटली आणि आमच्या दुर्दैवाने, किंवा सुदैवाने, वारा फिरला. जळते गवत उडून फणी गल्लीच्या तोंडाशी पडले. तिथे ताणलेल्या सुतावर सावलीसाठी बांधलेल्या तट्ट्यांनी पेट घेतला. वर पाचटाचे छप्पर होते.

"गल्लीकडे वळा!" मी ओरडलो. साखळी वळली, परंतु गल्ली मैदानापेक्षा दूर. सगळे लांब लांब पांगले तरी गेनूच्या पुढे एका माणसाची जागा रिकामी राहिली. त्या जागेजवळ उभे होते रावसाहेब.

गेनूने बादली थेट त्यांच्या हातात दिली. रावसाहेबांनी छत्री टाकून ती घेतली, गोंधळून खाली पाहिले आणि ती टेकवण्यासाठी वाकू लागले.

"ठेवू नका!" साखळीतून चार तऱ्हांच्या मराठीत एकच आरोळी उठली.

रावसाहेब दचकून सरळ झाले आणि त्यांनी बादली पुढे दिली. मग दुसरी. मग तिसरी. त्यांची उंची गेनूला अगदी जुळती होती, हे माझ्या नजरेने टिपले. तट्ट्या जळाल्या, एक ताणा गेला, छपराची कड काळी झाली. आग घरात शिरली नाही. विझल्यानंतरही दोन बादल्या आल्या आणि त्या थोपवण्याआधी साहेबांच्या बुटांवर गेल्या.

साहेबांनी रुमालाने बूट पुसत विचारले, "ही चार जमातींची माणसे एकत्र कशी काम करतात?"

रावसाहेब धापा टाकत म्हणाले, "उंचीप्रमाणे, सर. माझ्या देखरेखीखाली." सोमवारच्या चार पार्ट्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

खोटे चित्र रंगवू नये म्हणून सांगतो. त्या संध्याकाळी गेनूने घरी जाऊन हातपाय धुतले, शांतवनने हात साबणाने घासले आणि चहा प्रत्येकाने आपापल्या माणसांतच घेतला. लोकांची मने बदलणे माझ्या अभ्यासक्रमात नव्हते. माझ्या अभ्यासक्रमात उभे राहण्याचा क्रम होता. तेवढा मी बदलला. मात्र नरसय्याच्या नव्या ताण्याची पहिली पाजणी झाली तेव्हा सुताचे एक टोक धरायला कोणी तरी उंच माणूस हवा होता, आणि ते रहिमानने धरले होते. त्याआधी त्याला हात धुवायला लावले होते, हेही खरे.

युद्ध संपले, ए.आर.पी. मोडली, पण फणी गल्लीच्या आग्रहावरून आमची साखळी राहिली. फाळणीनंतर नगरला सिंधी निर्वासित आले. त्यांच्यापैकी आसनदास नावाच्या गृहस्थाने गल्लीच्या कोपऱ्यावर कापडाचे दुकान मांडले. त्या आठवड्यात ड्रिलला गेलो तर चारही जमातींचे प्रथमच पूर्ण एकमत झालेले आढळले. ही नवी माणसे फार मोठ्याने बोलतात, भाव पाडतात आणि त्यांच्या हातचे काही घेऊ नये, असे गेनू, रहिमान, शांतवन आणि नरसय्या एका सुरात सांगत होते.

तेवढ्यात आसनदास स्वतःच आले आणि हात जोडून मोडक्या हिंदीत म्हणाले, "मेरी भी दुकान है यहाँ. मुझे भी खड़ा करो."

मी खिशातला खडू चाचपला, पण मला बोलावे लागले नाही. गेनूने नव्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि हौदाच्या भिंतीकडे बोट केले.

"पाठ लावा तितं, शेटजी. अन् टोपी काडा. टोपी उंचीत धरत न्हाईत."