टेकू काढायला मी सांगितलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतोय, कारण — कारण गप्प राहण्याचाही थकवा येतो.

मी मूळचा सांगलीचा. चेन्नईत एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर आहे. सरकारी नाल्यांची, छोट्या पुलांची कामं. काही वर्षांपूर्वी टी. नगरजवळच्या नाल्याचं काम मिळालं, त्यात एक अट होती — काही कामगार दिव्यांग हवेत. तशी कलैवाणी आली. तिशीची, जन्मापासून कर्णबधिर. कुठला स्लॅब कधी ओतला, त्याखालचे टेकू कधी काढायचे, याची वही तिच्याकडे असे. तिच्याइतकं चोख काम मी साइटवर कुणाचं पाहिलं नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. मग?

काम मागे पडलं होतं. वरून रोज फोन. एका स्लॅबचे टेकू मी चार दिवस आधीच काढायला सांगितले. ती वही घेऊन धावत आली, तारखेवर बोट ठेवून नको, नको असे हात करू लागली. मी — मी तिला हातानेच बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी स्लॅब मधोमध तडकला. कुणाला लागलं नाही, एवढंच. मॅनेजर पोचायच्या आत मी वहीतलं ते पान फाडून खिशात घातलं.

"टेकू कुणी काढायला लावले?"

"तिनेच, सार. मी सोमवारी काढा म्हटलं होतं. तिला ऐकूच येत नाही, काय करणार?"

हे मी इंग्रजीत बोललो. ती तमिळ ओठांवरून वाचायची — म्हणून. ती समोरच उभी होती, एकदा मॅनेजरच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत. टेकू काढणारे मजूर माझ्या हाताखालचे. ते खाली बघत राहिले.

उद्यापासून येऊ नकोस, हे मीच कागदावर लिहून दिलं. तिने खाली लिहिलं, "माझं काय चुकलं?" मी कागद परत घेतला. 

ती अट अजून असते. आम्ही अशा माणसांना ऑफिसात फायलींपाशी बसवतो. साइटवर कुणालाच घेत नाही. गेल्या महिन्यात एका मुलीचा अर्ज आला. सिव्हिलचा डिप्लोमा, एका पायाने अधू, साइटवरच काम हवं म्हणत होती.

"मागचा अनुभव आहेच आपल्याला," मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "हो, सार."