झोरामिसचा वाटा

उमा गायकर म्हणजे कात्रपच्या त्या अख्ख्या सोसायटीचं चालतंबोलतं पंचांग. सोयर किती दिवसांचं, ग्रहणात काय शिजवायचं नाही, सगळं विचारायला लोक तिच्याच दारात यायचे. माहेर बारवी धरणाकडचं, भातशेतीवाल्यांचं, शाळा सातवीपर्यंत. पण देवाधर्माच्या बाबतीत बाई कोणाचं ऐकून घ्यायची नाही. नवरा हरिचंद्र अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात शिफ्ट ऑफिसर. तिथे पन्नास माणसं त्याचं ऐकायची, घरात तो उमाचं ऐकायचा.

अशा बाईच्या गळ्यात एक परका देव पडला, तो मुलामुळे. उन्मेष तेवीस वर्षांचा, एकुलता एक. रक्ताचा आजार निघाला आणि पोरगं हॉस्पिटलात आडवं झालं. बोटं सुजलेली, मोबाइलवरचा गेमसुद्धा खेळता येईना. म्हणून त्याने फोन आईच्या हातात दिला. त्या गेममध्ये झोरामिस नावाचा देव होता. किमयेचा आणि जादूचा देव, वय बारा हजार वर्षं, एक हात पाऱ्याचा, डोंगराखाली बसलेला. शिशाचं सोनं करायचा, मेलेलं झाड हिरवं करायचा. उन्मेषने तीन वर्षं खपून त्याच्या पायाशी आपलं किमयाघर उभं केलं होतं. रोज देवाच्या कुंडात थोडा पारा, थोडं मीठ टाकायचं. मग पडद्यावरचा पिवळ्या झग्यातला छोटासा उन्मेष हात जोडून म्हणायचा, "घे बाबा, आजचा वाटा." आवाज उन्मेषचाच, आजारपणाच्या आधी त्याने स्वतः रेकॉर्ड करून भरलेला, चांगला खणखणीत.

"आई, एवढं रोज करशील?" तो म्हणाला. "ओळीने सात दिवस चुकले ना, तर सगळं राख होतं."

उमाने आधी नाक मुरडलं. पण आंघोळ झाली की घरचे देव आणि मग झोरामिस, असा तिचा क्रम बसून गेला. पंधरवड्यात ती फोनपुढे खरी उदबत्ती लावायला लागली. हरिचंद्रला हसू आलं तेव्हा तिने त्याला झापलं, की मेलेली झाडं उठवतो तो, माझं पोरगं काय जड आहे त्याला? बाई चेष्टा करत नव्हती हो. तिने खरंच त्याच्यापुढे पदर पसरला होता.

चौथ्या महिन्यात उन्मेष गेला.

घरात सुतक लागलं. सुतकात घरच्यांनी पूजा करायची नाही, म्हणून समोरच्या फ्लॅटमधली रिद्धी, कॉलेजात जाणारी मुलगी, रोज येऊन देवघरात दिवा लावून जायची. उमाने तिला फुलं कुठे, वाती कुठे, सगळं दाखवून दिलं. आणि उन्मेषचा फोन तिने कपाटात ठेवला. हरिचंद्रने हळूच आठवण करून दिली, ते सात दिवसांचं काय? तर म्हणे, सुतकाचे दिवस कुठला देव मोजतो? त्याला दिसत नसेल का आपल्या घरात काय झालंय ते?

बायका आपसात कुजबुजायच्या, हिच्या डोळ्यांत पाणी कसं नाही. येईल कुठून? ती दिवस मोजत होती. उन्मेष लाजाळू, कुठल्याही व्हिडिओत कॅमेऱ्याच्या मागे. त्याच्या आवाजाचं घरात दुसरं काही नव्हतं. हॉस्पिटलातला तो शेवटचा घोगरा आवाज तिला कानातून काढून टाकायचा होता. तेरावं झालं की फोन उघडायचा आणि पोराचं ते वाक्य ऐकायचं, एवढ्या एका आशेवर बाईने तेरा दिवस काढले.

चौदाव्या दिवशी तिने आंघोळ केली, घरभर गोमूत्र शिंपडलं, उदबत्ती लावली आणि फोन उघडला. कुंड विझलेलं होतं. किमयाघराच्या जागी राखेचा ढीग. झोरामिस मात्र तसाच बसलेला, आणि त्याच्याखाली अक्षरं आली: नव्या साधका, तुझं नाव सांग.

आपणच काहीतरी चुकीचं दाबलं, असं वाटून तिने फोन चार वेळा बंद करून उघडला. हरिचंद्रने गेमच्या कंपनीला मेल पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, की राख झालेलं काही परत आणता येत नाही.

मग मात्र उमा रडली. इतके दिवस अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. उन्मेष तिच्यासाठी त्या दिवशी गेला, आणि या वेळी तिच्याच हाताने.

"बारा हजार वर्षांचा देव," ती हरिचंद्रला म्हणाली, "आणि त्याला सुतक माहीत नाही? त्याच्या घरी कधी कोणी मेलंच नाही?"

आवाज ऐकून रिद्धी धावत आली. हरिचंद्रने तिला काय झालं ते सांगितलं. पोरगी उमाजवळ जमिनीवर बसली.

"काकू, मला सांगायचं ना," ती म्हणाली. "मी केलं असतं."

उमाची नजर देवघराकडे गेली. तेरा दिवस ही मुलगी रोज सकाळी देवघरात जात होती, आणि कपाट त्याच खोलीत होतं.