बाल्कनीतली डिझेल शेड

रिटायर झाला की माणूस रिकामा होतो म्हणतात. साफ खोटं! नोझलवर काजळी साचते तसे किस्से साचत जातात, फक्त ऐकायला कुणी नसतं. आज तुम्ही सापडलात.

मी रेल्वेच्या डिझेल शेडमधला, इंजिनं दुरुस्त करणारा. बायको, शुभा, गेल्यावर गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये भिंती खायला उठल्या, तेव्हा बाल्कनीत हातपंपाचा टेस्टर बसवला. दांडा दाबायचा; इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून धुक्यासारखा फवारा आला तर पास, थेंब टपकला तर नापास. ओळखीतल्या मराठी गाडीवाल्यांचे इंजेक्टर मी फुकट साफ करायचो. अट एकच, रविवारी यायचं आणि चहा घेऊन जायचं.

*

पहिल्याच महिन्यात फवारा बरणीत जायच्या ऐवजी वाऱ्यावर खाली गेला. खालच्या मजल्यावर गुप्ताबाईंचे पापड वाळत होते! बाई ताट घेऊनच वर आल्या.

"भाईसाहब, ये पापड़ अब आप ही खाइए!"

रविवार सोडले तर महिन्याभरात पहिल्यांदाच माझी बेल वाजली होती. मी म्हटलं, "बैठिए ना, चाय पीजिए." बाई चिडल्या होत्या, तरी बसल्या.

*

इंजेक्टर ठणठणीत असला की दांडा दाबताना किरकिरतो. एकदा पुण्याहून लेकीचा फोन चालू असतानाच मी दांडा दाबला.

"बाबा, कोण आलंय?"

"कोणी नाही गं. इंजेक्टर बोलतोय."

"चला, कोणीतरी बोलतंय तुमच्याशी!" ती हसली. मीही हसलो आणि फोन ठेवल्यावर उगाचच आणखी चार-पाच वेळा दांडा दाबला.

*

आमचा जोशी म्हणजे अति उत्साही. मला मदत म्हणून गाडीचे चारही इंजेक्टर घरीच उघडले आणि आतल्या चारही सुया एका वाटीत घालून आणल्या! अरे, सुई आणि तिचं नोझल कारखान्यात जोडीनेच घासलेलं असतं. एकाची सुई दुसऱ्यात चालत नाही.

"जोश्या, जोड्या मोडल्यास लेका!"

"त्यात काय यार? याची नाही तर त्याची लाव. ॲडजस्ट होईल!"

मी चहा टाकायला आत गेलो. शुभाची आठवण अशी कधीही, कशावरूनही येते. दूध उतू गेलं तरी मी तिथेच उभा होतो. जोड्या जुळवायला दोन रविवार लागले, तेवढंच बरं झालं.

*

मग दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. जोशीने सीएनजी घेतली. बाकीचेही एकेक करत यायचे थांबले. जोशी फोनवर म्हणाला, "आता तुला आराम!" मला नको होता आराम. रविवार आला की मी पाच कप काढायचो आणि चार परत ठेवायचो.

*

येत राहिला तो एकटा शेख. मूळचा मिरजेचा, दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयातून रिटायर झालेला, बायको गेल्यापासून पहाडगंजला एकटाच. दर महिन्याला चार इंजेक्टर फडक्यात गुंडाळून आणायचा; गाडीत तोवर दुसरा संच बसवलेला असायचा. परवाच्या रविवारी आला तो घामाघूम.

"गाडी लांब लावलीस का रे?"

"मेट्रोने आलो."

"आणि गाडी?"

"भंगारात गेली. दिवाळीच्या आधीच." फडकं सोडता सोडता तो म्हणाला, "हे तेवढे काढून ठेवले होते."

दिवाळी होऊन पाच महिने झाले होते. मी एकेक इंजेक्टर टेस्टरवर चढवला. चारही किरकिरले, चारही फवारे धुक्यासारखे आले. शेख माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "तीन नंबर टपकतोय. पुढच्या रविवारी परत आण."

शेख म्हणाला, "दोन नंबरही नीट बघ ना. मला तोही बिघडलेला वाटतोय."